खेचर वांझ का? ६३ एवढंच उत्तर पुरत नाही

सांगली-कराडकडे कृष्णाकाठच्या वीटभट्ट्यांवर गाढवं राबतात. माण, आटपाडी, जतच्या बाजूला धनगरांच्या मेंढरांमागं तट्टं चालतात, पाठीवर बिऱ्हाड आणि वर एखादं कोकरू. दोन्ही जनावरं आपल्या रोजच्या पाहण्यातली. गाढव आणि घोडी यांचं खेचर मात्र या भागात विरळाच; त्याचं खरं काम हिमालयातल्या वाटांवर आणि लष्कराच्या ओझ्याखाली. तरी खेचराला पिल्लू का होत नाही असं विचारलं, तर विज्ञान शाखेचं कुणीही पोर फडाफडा सांगतं: घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२. खेचराला घोडीकडून ३२ आणि गाढवाकडून ३१ मिळतात, बेरीज ६३. विषम संख्येच्या जोड्या लागत नाहीत, म्हणून ते वांझ.

आकडे बरोबर आहेत. खटकतो तो ‘म्हणून’.

मंगोलियाचा प्रझेवाल्स्की घोडा घ्या. त्याची गुणसूत्रं ६६. पाळीव घोड्याशी त्याचा संकर झाला की पिल्लाला ६५ मिळतात, पुन्हा विषमच. पण या पिल्लाला पुढं व्यवस्थित पिल्लं होतात. आता उलटा दाखला. मैदानी झेब्र्याची गुणसूत्रं ४४. घोड्याशी त्याच्या संकरातून येतात ५४, चक्क सम. आणि हा संकर वांझ निघतो!

खरी गोम गुणसूत्रांवरच्या मजकुराच्या, म्हणजे जनुकांच्या, क्रमात आहे. एकच पोथी एकानं एका खंडात बांधली आणि दुसऱ्यानं दोन खंडांत, तरी पानाला पान लावून पाहता येतं. प्रझेवाल्स्की आणि पाळीव घोड्यात जवळपास एवढाच फरक: पाळीव घोड्याचं एक मोठं गुणसूत्र प्रझेवाल्स्कीत दोन तुकड्यांत आहे. त्यांची वंशशाखा वेगळी होऊन साधारण ३८ ते ७२ हजार वर्षंच झाली. घोडा आणि गाढव यांची फारकत मात्र ४० लाख वर्षांपूर्वीची. एवढ्या काळात अध्यायच इकडचे तिकडे झाले, काही उलटे बांधले गेले. अंडपेशी किंवा शुक्रपेशी तयार होताना, अर्धगुणसूत्री विभाजनात, आईकडचं आणि बापाकडचं गुणसूत्र एकमेकांना नीट भिडावं लागतं. खेचरात ते भिडत नाही, आणि पेशी तिथंच अडून मरते.

शरीर वाढताना होणाऱ्या साध्या विभाजनात अशी जोडी जुळवावीच लागत नाही. त्यामुळं खेचर स्वतः ठणठणीत असतं. अंगानं आईवर जातं, कानांनी आणि अरुंद खुरांनी बापावर. गाढवाचा सावधपणाही त्याच्यात उतरतो: धोका दिसला की घोडा उधळतो, गाढव थबकतं. त्याला आपण अडेलतट्टू म्हणून बदनाम केलं. दरीकाठच्या वाटेवर मात्र मी उधळणाऱ्यापेक्षा थबकणाऱ्यावर बसेन. नर खेचर वांझ असला तरी त्याला खच्ची करतातच, कारण नराची संप्रेरकं त्याच्यात तयार होतात आणि तो आवरत नाही.

मादी खेचराला पिल्लू झाल्याच्या अगदी तुरळक नोंदी आहेत, नराच्या बाबतीत तेवढंही नाही. संकरात वांझपणा आधी नराच्या वाट्याला का येतो, याचा नियम ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२२ साली मांडला होता: ज्या लिंगात दोन लिंग-गुणसूत्रं वेगवेगळी असतात, त्याला संकराचा फटका जास्त बसतो. सस्तन प्राण्यांत ते लिंग म्हणजे नर. हॉल्डेन पुढं १९५७ मध्ये भारतात येऊन राहिले आणि इथलेच झाले.

वांझ असल्याची अडचण माणसानं फार पूर्वीच पत्करली. सीरियात उम्म एल-मारा इथं सापडलेल्या सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या हाडांचा डीएनए २०२२ मध्ये वाचला गेला. ती ‘कुंगा’ नावाच्या जनावराची निघाली: आई पाळीव गाढवीण, बाप सीरियाचं रानगाढव. माणसानं मुद्दाम केलेल्या प्राण्यांच्या संकराचा हा सर्वांत जुना पुरावा मानला जातो. कुंगा राजेलोकांचे रथ ओढत. त्या भागात तेव्हा पाळीव घोडा पोचायचा होता. पण कुंगापासून कुंगा होईना, त्यामुळं दर पिढीला रानातून तो चपळ नर पकडून आणावा लागे. आज तसा प्रयत्नही करता येणार नाही, कारण सीरियाचं ते रानगाढव विसाव्या शतकात नामशेष झालं. त्याच्याच प्रजातीची भारतीय शाखा, खूर, कच्छच्या छोट्या रणात अजून चरते.