नव्या रहस्यकथाकारांचा शोध

‘खून कोणी केला?’ या एका प्रश्नाभोवती रचलेल्या अभिजात रहस्यकथांचे वाचक, आवडत्या लेखकाची पुस्तके वाचून संपल्यावर, त्याच जातकुळीतला दुसरा लेखक कसा हुडकतात, या वाचनव्यवहाराची ही नोंद आहे. कोकण किनाऱ्यावर हा शोध मुख्यतः सार्वजनिक वाचनालयांच्या कपाटांतून चालतो. १८२८ मध्ये स्थापन झालेले रत्नागिरीचे नगर वाचनालय आणि १८६४ पासूनचे चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर ही त्यांपैकी जुनी ठिकाणे होत.

अभिजात रहस्यकथेचा बहराचा काळ साधारणपणे १९२० ते १९३९ असा मानतात. अगाथा ख्रिस्तीची पहिली कादंबरी १९२० मध्ये प्रसिद्ध झाली. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये या प्रकारासाठी दहा नियम घालून दिले आणि गुन्हेगाराचा उल्लेख कथेच्या सुरुवातीच्या भागातच आलेला असला पाहिजे, हा त्यांतला पहिला नियम होय. गुप्तहेराला जे दिसते ते वाचकालाही दिसले पाहिजे, हा त्यामागचा करार आहे. नव्या लेखकाची पारख याच करारावर करावी लागते. भरपूर रक्तपात, पाठलाग किंवा अंगावर येणारे वर्णन यांवरून ती होत नाही.

मराठी वाचकाची पहिली अडचण इथेच सुरू होते. रहस्यकथा, गूढकथा, भयकथा आणि हेरकथा ही पुस्तके बहुधा एकाच कपाटात शेजारी शेजारी लावलेली असतात. गूढकथेत शेवटी काही न उलगडलेले राहिले तरी चालते, किंबहुना तेच तिचे बळ असते. उकल हाच जिचा प्राण आहे त्या कथेच्या वाचकाला मात्र ते पुस्तक हाती घेऊन फसगत झाल्यासारखे वाटते. बाबूराव अर्नाळकर यांच्या आडनावातच वसईजवळचे अर्नाळा गाव आहे. त्यांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांनी कित्येक पिढ्यांना वाचनाची गोडी लावली, आणि हे ऋण फार मोठे आहे. तरीही काळा पहाड किंवा झुंझार या त्यांच्या नायकांच्या कथांचा ओढा साहसाकडे आहे. संशयितांतून एकाला वेगळे काढण्याचे कोडे हवे असेल, तर त्याच लेखकाच्या धनंजय या गुप्तहेराकडे आधी वळणे बरे.

शोधाची सर्वांत भरवशाची रीत म्हणजे वाचलेल्या पुस्तकातले नेमके काय आवडले, हे स्वतःला विचारणे. आतून कडी लावलेल्या खोलीतला खून ज्याला भुरळ घालतो, त्याने जॉन डिक्सन कार वाचावा. धागेदोरे मांडून झाल्यावर थांबून वाचकालाच उकलीचे आव्हान देण्याची पद्धत ज्याला हवी, त्याच्यासाठी एलरी क्वीन आहे. मोजकी माणसे आणि बाहेर पडायला वाट नाही, अशी रचना आवडणाऱ्याला जपानी लेखकांकडे जाता येते. युकितो आयात्सुजी यांच्या १९८७ च्या पहिल्या कादंबरीत एका बेटावर गेलेल्या विद्यार्थ्यांनी एकमेकांना एलरी, कार, लरू, पो, अगाथा अशी जुन्या रहस्यकथाकारांची टोपणनावे दिलेली आहेत, त्यामुळे तिची पात्रयादी हीच पुढच्या वाचनाची यादी ठरते. खाडीपलीकडे नेणारी तर, म्हणजे उतारूंची होडी, पावसात बंद झाली की गाव कसे तुटते, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना बेटावरच्या कथेतली कोंडी वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

अनुवादक हाही चांगला वाटाड्या असतो. सत्यजित राय यांचा बंगाली गुप्तहेर फेलूदा अशोक जैन यांच्या अनुवादांमुळे मराठीत रुळला. त्या वाटेने गेलेला वाचक शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या ब्योमकेश बक्षी या गुप्तहेरापर्यंत पोहोचतो, आणि तिथे त्याला मुलांसाठी लिहिलेल्या फेलूदापेक्षा प्रौढ, काहीशी काळोखी कथा भेटते.

किनाऱ्यावर या वाचनाला हंगाम आहे. आगोटीची बेगमी, म्हणजे पावसाळ्यापूर्वीची साठवण, घरात आली, जून-जुलैत मासेमारी बंद राहून होड्या शाकारल्या गेल्या आणि पागोळ्या अखंड गळू लागल्या, की घरात बसून सलग दोनशे पाने वाचण्याइतकी सवड मिळते. अशा वेळी ग्रंथपालाचा सल्ला मोलाचा ठरतो; मात्र ‘एखादे रहस्यमय द्या’ असे म्हणण्यापेक्षा, मागच्या पुस्तकात खुनी ओळखता आला की नाही आणि न ओळखल्याचा आनंद झाला की राग आला, हे सांगितले तर योग्य पुस्तक हाती पडण्याची शक्यता वाढते. पुस्तकाच्या आत चिकटवलेली तारखांची चिठ्ठीही बोलकी असते: एकापाठोपाठ शिक्के पडलेले असले की ते पुस्तक फिरते आहे, एवढे नक्की कळते.

दमट हवा आणि कसर यांमुळे स्वस्त कागदावर छापलेल्या जुन्या रहस्यकथा इथे लवकर जीर्ण होतात. चिपळूणच्या वाचन मंदिराचे तर जुलै २०२१ च्या महापुरात मोठे नुकसान झाले. अशा पुस्तकांची पहिली आणि शेवटची पानेच आधी सुटतात, आणि रहस्यकथेत शेवटचे पान गेले की सगळेच गेले. म्हणून जाणते वाचक देवघेवीच्या टेबलावरच पुस्तक उलटे धरतात आणि मजकुरावर नजर पडू न देता, हाताने पान झाकून, फक्त शेवटचा पृष्ठांक जागेवर आहे का ते पाहून घेतात.