पापलेटचं माप कोडमध्ये कशाला?

राज्य शासनाने 2023 मध्ये 54 जातींच्या मासळीला किमान लांबी ठरवून दिली, पापलेटला 135 मिलिमीटर. आता समजा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर कोणी नोंदीचं सॉफ्टवेअर बसवलं, तर प्रत्येक नोंदीत मासा कुठला, लांबी किती, वजन किती, होडीचा नंबर काय हे सगळं येणार. अशा नोंदीला प्रोग्रामर लोक ऑब्जेक्ट म्हणतात आणि ती सेव्ह व्हायच्या आधी नीट तपासणं म्हणजे व्हॅलिडेशन.

प्रश्न एवढाच की तो 135 चा आकडा लिहायचा कुठे? जावा या प्रोग्रामिंग भाषेत 2009 पासून बीन व्हॅलिडेशन नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात कोडमध्येच लांबीच्या वर एक छोटी खूण करता येते, तिला अ‍ॅनोटेशन म्हणतात, 'कमीत कमी 135' लिहिलं की काम झालं. पण उद्या नवा जीआर आला नि आकडा बदलला की कोड उघडा, परत बिल्ड करा म्हणजे प्रोग्राम नव्याने तयार करा, परत बंदरावरच्या मशीनवर चढवा, एका आकड्यासाठी एवढा खटाटोप! म्हणून त्याच स्टँडर्डमध्ये दुसरी सोय पण आहे, नियम कोडच्या बाहेर एका एक्सएमएल फाइलमध्ये, म्हणजे खुणांच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहायचे. कोडला हात लावायचा नाही, फाइलमधला आकडा बदलायचा आणि प्रोग्राम रीस्टार्ट करायचा, कारण ही फाइल सहसा सुरू होतानाच वाचली जाते.

इथे एक भारी गोची आहे. फाइलमध्ये तुम्ही एखाद्या क्लासचं, म्हणजे ज्या साच्यावरून नोंदी बनतात त्याचं, नाव घेतलंत आणि फक्त लांबीचा नियम लिहिलात, तर त्या क्लासवर कोडमध्ये केलेल्या बाकीच्या सगळ्या खुणा गुपचूप बंद होतात! 'इग्नोर-अ‍ॅनोटेशन्स' नावाची सेटिंग असते, ती काहीच लिहिलं नाही तर 'ट्रू' धरली जाते. म्हणजे लांबी बरोबर तपासली जाणार, पण होडीचा नंबर रिकामा ठेवला तरी नोंद आरामात आत. एरर नाही, काही नाही. हा डीफॉल्ट मला तरी उलटाच वाटतो. तिथे 'फॉल्स' लिहिलं की जुन्या खुणा जागेवर राहतात. त्यामानाने फाइलमध्ये फील्डच्या, म्हणजे नोंदीतल्या रकान्याच्या, नावाचं स्पेलिंग चुकलेलं परवडलं, तेव्हा प्रोग्राम सुरूच होत नाही, निदान कळतं तरी.

त्यामुळे फाइल बदलली की तीन खोट्या नोंदी टाकून बघायच्या: 134 चं पापलेट परत आलं पाहिजे, 135 चं आत गेलं पाहिजे, आणि होडीच्या नंबराशिवायची नोंद, लांबी कितीही असो, बाहेरच राहिली पाहिजे.