पार्श्वभूमी: आकडा तोच, आतला मजकूर वेगळा

२०१८ च्या एप्रिलमध्ये कर्वे रोडवरच्या एका ऑफिसात मी सर्व्हरच्या सुरक्षेचा ऑडिट रिपोर्ट पुढ्यात घेऊन बसलो होतो. कोणाचं ऑफिस, ते सोडून द्या. रिपोर्टची निम्मी पानं लाल होती आणि पहिलाच शेरा असा: सर्व्हरवर वेब पानं पुरवणारं अपाची हे सॉफ्टवेअर २.४.६ आहे, ही आवृत्ती जुलै २०१३ ची, सध्याची २.४.३३, मधल्या काळातल्या सगळ्या त्रुटी तुमच्याकडे उघड्या आहेत, ताबडतोब अपग्रेड करा. सर्व्हर सेंटओएस ७ या लिनक्सच्या प्रकाराचा होता आणि त्यावर दर महिन्याला न चुकता अपडेट मारलेले होते. ऑडिटरचंही काही चुकलं नव्हतं. त्याच्या स्कॅनरने सर्व्हरला 'तू कोण' असं विचारलं आणि सर्व्हरने 'अपाची/२.४.६ (सेंटओएस)' असं सांगून टाकलं. तो खरं बोलत होता आणि आम्हीही. हा घोळ एका दिवसात झालेला नाही. त्याचं मूळ पार १९९४ पर्यंत जातं.

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात एनसीएसए नावाचं केंद्र आहे. तिथे रॉब मकूलने १९९३ मध्ये एक वेब सर्व्हर लिहिला. तो फुकट होता, सोर्स कोडसकट मिळायचा, त्यामुळे लवकरच सगळीकडे पोचला. १९९४ च्या मध्यावर मकूल तिथून बाहेर पडला आणि काम थंडावलं. सर्व्हर मात्र जगभर चालूच होते. त्यांत बग, म्हणजे कोडातल्या चुका, निघत होते आणि ते कळवायचे कोणाला, हा प्रश्नच होता, कारण पलीकडे ऐकणारं कोणी उरलं नव्हतं. मग ज्याला बग सापडला त्यानेच तो दुरुस्त करायचा आणि दुरुस्तीची फाइल ईमेलने ओळखीच्यांना पाठवायची, अशी रीत पडली.

या दुरुस्तीच्या फाइलला पॅच म्हणतात. जुन्या मराठी पुस्तकांच्या शेवटी शुद्धिपत्र असायचं: पान ४२, ओळ ७, 'दिन'ऐवजी 'दीन' वाचावे. पॅचही तसाच, कुठल्या फाइलमधली कुठली ओळ काढायची आणि तिच्या जागी कुठली घालायची, एवढंच सांगणारा. लॅरी वॉलने १९८५ मध्ये असं शुद्धिपत्र वाचून आपोआप पान बदलून देणारा प्रोग्रॅम लिहिला आणि अनोळखी माणसांना एकमेकांचा कोड दुरुस्त करणं एकदम सोपं झालं.

सोपं झालं, पण त्यातून एक वेगळीच पंचाईत उभी राहिली. सगळ्यांकडे एनसीएसएचा १.३ च, पण एकाने पाच पॅच लावलेले, दुसऱ्याने बारा, तिसऱ्याने एकही नाही. 'माझा १.३ पडतो' असं कोणी म्हणालं, तर त्यातून काहीच कळेना. फेब्रुवारी १९९५ मध्ये आठ जणांनी ईमेलवरच जमून अपाची ग्रुप काढला तो हा पसारा आवरायला. एनसीएसए १.३ पायाला धरायचा, सापडतील तेवढे चांगले पॅच त्यात घालायचे आणि सगळ्यांनी एकच आकडा वापरायचा. एप्रिल १९९५ मध्ये त्यांची पहिली जाहीर आवृत्ती आली, ०.६.२. 'अ पॅची सर्व्हर', म्हणजे ठिगळांचा सर्व्हर, म्हणून 'अपाची' अशी गंमत तेव्हापासून सांगितली जाते. त्या आठांतल्या ब्रायन बेहलेनडॉर्फचं म्हणणं मात्र असं की नाव अमेरिकेतल्या अपाची या आदिवासी जमातीबद्दलच्या आदरातून घेतलं. दोन्ही सांगणं चालत आलंय, कोणाला जे आवडेल ते त्याने घ्यावं. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. १ डिसेंबरला अपाची १.० आली आणि पुढच्या एप्रिलपर्यंत तिने एनसीएसएला मागे टाकलं.

बग नोंदवायच्या फॉर्ममधल्या रकान्यांची गोष्टही बघण्यासारखी आहे. अपाचीने सुरुवातीला बग नोंदवायला ग्नॅट्स नावाची व्यवस्था वापरली. तिच्यात प्रत्येक तक्रारीला 'प्रॉब्लेम रिपोर्ट' म्हणत आणि एक क्रमांक देत. फॉर्म ठरलेला होता: थोडक्यात काय झालं, किती गंभीर, कुठला रिलीज, कुठली यंत्रणा, आणि मला सर्वांत आवडणारा रकाना, 'हाऊ टू रिपीट'. म्हणजे हे पुन्हा कसं घडवायचं, ते सांगा. तक्रार करणाऱ्याच्या तोंडून रागाऐवजी कृती काढून घेणारा रकाना आहे हा. पुढे १९९८ मध्ये नेटस्केप या ब्राउझरच्या कंपनीत टेरी वाइसमनने बग नोंदवायचा बगझिला लिहिला, तो मोझिला या तिच्या खुल्या प्रकल्पाबरोबर खुला झाला आणि २००२ मध्ये अपाचीही त्यावर गेली. ग्नॅट्स गेलं, पण त्याचा शब्द टिकला. अपाचीच्या बदलांच्या यादीत आजही दुरुस्तीपुढे 'पीआर', म्हणजे प्रॉब्लेम रिपोर्ट, आणि बगझिलाचा आकडा असतो. ज्या व्यवस्थेचा तो शब्द, तिला रजा मिळून वीस वर्षं उलटली.

मी स्वतः पाठवलेला पहिला बग आठवला की आजही कान गरम होतात. एका ओपन सोर्स प्रकल्पाला तो पाठवला होता. एका पानाची कैफियत, आम्ही किती रात्री जागलो त्याचं वर्णन, आणि 'व्हर्जन' या रकान्यात 'लेटेस्ट'. दोन दिवसांनी उत्तर आलं, एका ओळीचं: कुठल्या दिवशीचं लेटेस्ट? मी आकडा काढून पाहिला तर आमच्याकडची आवृत्ती आठ महिन्यांपूर्वीची होती आणि माझा बग मध्येच कधीतरी दुरुस्त होऊन गेला होता. नंतर नवीन मुलं टीममध्ये आली की 'बग रेज करायच्या आधी मायनस व्ही मारून बघ', म्हणजे आवृत्तीचा आकडा दाखवणारी आज्ञा दे, हे माझं पहिलं वाक्य असायचं.

आकडे कसे पडतात, तेही जरा पाहू. अपाची २ पासून मधला आकडा सम असेल तर ती वापरायची आवृत्ती आणि विषम असेल तर प्रयोगाची: २.१ मध्ये घडवलं ते २.२ म्हणून डिसेंबर २००५ मध्ये आलं, २.३ मधलं २.४ म्हणून फेब्रुवारी २०१२ मध्ये. एनजिनेक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरने हीच पद्धत थोड्या वेगळ्या अर्थाने घेतली. त्यांचा विषम आकडा म्हणजे मुख्य धारा, ज्यात नवं येतं. सम म्हणजे स्थिर, ज्यात मोठ्या दुरुस्त्याच जातात. अपाचीत नवी आवृत्ती तयार झाली तरी तीन जणांचा होकार आणि नकारांपेक्षा जास्त होकार मिळाल्याशिवाय ती बाहेर पडत नाही. मतदानात खोट निघाली तर तो आकडा बाद होतो, पुन्हा वापरत नाहीत. म्हणून २.४.२९ नंतर थेट २.४.३३ आली. मधल्या तिघी कोणाच्याही हाती पडल्याच नाहीत. एकाच नावाच्या दोन वेगवेगळ्या फाइली फिरू नयेत, हा त्यामागचा हेतू. १९९४ चा धडा त्यांनी पक्का गिरवला होता.

पण हा धडा अपाचीपुरता. आपल्या सर्व्हरवर अपाची क्वचितच थेट त्यांच्याकडून येते, ती लिनक्सच्या वितरकामार्फत येते. सेंटओएस जिच्या कोडवरून बनायचं, त्या रेड हॅट कंपनीने जून २०१४ मध्ये आपल्या लिनक्सची आवृत्ती ७ काढली तेव्हा तिच्यात २.४.६ घातली आणि ती तशीच ठेवायची असं ठरवलं, कारण बँका, कारखाने, सरकारी खाती यांना नवेपणा नको असतो. काल चालणारं आज चालावं, एवढंच त्यांचं मागणं. मग सुरक्षेचं काय? तर वरच्या आवृत्तीतली नेमकी दुरुस्ती उचलायची आणि जुन्या कोडात बसवायची. याला बॅकपोर्ट म्हणतात. प्रकाशक 'आवृत्ती पहिली' हीच ओळ ठेवून पुनर्मुद्रण काढतो आणि छपाईच्या चुका गुपचूप सुधारतो, तसंच. आकडा मग कुठे वाढतो? शेपटीत. २.४.६ पुढे डॅश, आणि मग ६७, ८०, ९०. सर्व्हर जगाला स्वतःचं नाव सांगताना ही शेपटी सांगत नाही. ऑडिटरच्या स्कॅनरला फक्त डोकं दिसतं.

त्या दिवशी रिपोर्टातली जी ओळ मी उत्तरासाठी निवडली ती 'ऑप्शन्सब्लीड' या बगची होती. सप्टेंबर २०१७ मध्ये हानो बॉक याने तो जाहीर केला. ठरावीक सेटिंग असलेल्या सर्व्हरला 'ऑप्शन्स' ही साधी विनंती केली की उत्तरात मेमरीतले तुकडे सांडायचे. गंमत पुढे आहे. २०१४ मध्येच काही संशोधकांनी एचटीटीपी, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या बोलण्याचे नियम, त्यातल्या विनंतीच्या पद्धतींवरच्या लेखात अशी वेडीवाकडी उत्तरं नोंदवली होती. हा बग आहे, हे मात्र कोणाच्या लक्षात आलं नाही. तीन वर्षं लक्षण छापील स्वरूपात सगळ्यांसमोर होतं. अपाचीने तो २.४.२८ मध्ये मिटवला, रेड हॅटने २.४.६ मध्येच. मी आरपीएमला, म्हणजे सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनाला, पॅकेजचा चेंजलॉग (बदलांची यादी) विचारला, त्यात या बगचा सगळीकडे चालणारा क्रमांक, सीव्हीई-२०१७-९७९८, शोधला, ओळ सापडली. स्क्रीनशॉट काढला. मग रिपोर्टातल्या पुढच्या ओळीचा, मग तिच्या पुढच्या.

हे सीव्हीई क्रमांक नसते तर असा मेळ लागलाच नसता. १९९९ मध्ये माइटर या अमेरिकी संस्थेने ३२१ नोंदींनी ही यादी सुरू केली, तोवर एकाच त्रुटीला प्रत्येक कंपनी आपापलं नाव द्यायची. आवृत्तीचा आकडा उत्पादकाचा, पीआर क्रमांक प्रकल्पाचा, सीव्हीई मात्र कोणा एकाचा नाही, म्हणून तोच दोन्ही बाजूंना समजतो. क्रमांक कशाला द्यायचा यावरूनही भांडणं होतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये एनजिनेक्सच्या प्रायोगिक एचटीटीपी/३ मॉड्यूलमधल्या बगांना सीव्हीई दिले, तेव्हा मॅक्सिम दूनिन या जुन्या विकासकाला ते पटलं नाही. त्याने वेगळी चूल मांडली, फ्रीएनजिनेक्स.

सर्व्हरने आपलं नाव आणि आवृत्ती लपवावी हा सल्ला ऑडिटर देतात, त्यालाही इतिहास आहे. सप्टेंबर २००२ मध्ये स्लॅपर नावाचा वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम, सुटला होता. तो आधी मुद्दाम चुकीची विनंती पाठवून सर्व्हरकडून अपाचीची आवृत्ती आणि लिनक्सचा प्रकार काढून घ्यायचा, आणि स्वतःजवळच्या तक्त्यातून त्याप्रमाणे हल्ल्याला लागणारे मेमरीतले पत्ते निवडायचा. आपणच दाराला लावलेली पाटी वाचून आत शिरणारा चोर! अपाचीच्या सेटिंगमध्ये 'सर्व्हरटोकन्स प्रॉड' ही ओळ टाकली की आकडा दिसेनासा होतो. बग जागेवरच राहतो, पण स्कॅनर गप्प होतो. काही ऑफिसांना एवढंच हवं असतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

नवा आकडा म्हणजे सुरक्षित आकडा, ही समजूत २०२१ मध्ये चांगलीच हलली. सप्टेंबरच्या मध्यावर, इकडे गणपती बसलेले असताना, अपाची २.४.४९ आली. तिच्यात पत्त्यातले ठिपके आणि तिरक्या रेघा वाचण्याचा कोड बदलला होता आणि त्यात चूक राहिली. ठिपका टक्केवारीच्या चिन्हाने लिहिला की, फायलींवर मनाई लावलेली नसेल तर, ठरवून दिलेल्या फोल्डरच्या बाहेरचं वाचता यायचं. ही चूक आधीच्या २.४.४८ मध्ये नव्हतीच. म्हणजे तत्परतेने अपडेट करणारेच सापडले आणि आळस केलेले वाचले. ४ ऑक्टोबरला, ऐन पितृपक्षात, २.४.५० आली. ठिपका दोनदा आवरणात गुंडाळला तर तीही फसते, हे लगेच दिसलं. ७ ऑक्टोबरला घटस्थापनेच्या दिवशी २.४.५१ आली, तेव्हा प्रकरण मिटलं. माझा एक मित्र तेव्हा बावधनच्या घरातून काम करायचा आणि २.४.४६ वर बसलेला होता. 'पितृपक्षात नवीन काही घेऊ नये' हे त्याने आम्हाला पुढचे सहा महिने ऐकवलं.

कर्वे रोडचं ऑडिट तेव्हा मार्गी लागलं. ऑडिटरने चेंजलॉगची पानं जोडून घेतली आणि त्या शेऱ्यापुढे 'फॉल्स पॉझिटिव्ह', म्हणजे खोटा इशारा, असं लिहिलं. पुढच्या वर्षी दुसरा ऑडिटर, तोच शेरा, तीच पानं. हे दरसाल चाललं. मग ३० जून २०२४ ला सेंटओएस ७ ची मुदत संपली, शेपटीतला आकडा वाढायचा थांबला. त्या हिवाळ्यात मला त्याच ऑफिसातून फोन आला, नेहमीचीच पानं पाठवा म्हणून. सर्व्हर अजून तोच होता, २.४.६. मी म्हटलं, या वेळी पाठवत नाही, या वेळी ऑडिटरचं बरोबर आहे.