पार्श्वभूमी: खर्रा, तोंडाचा कॅन्सर आणि प्रयोगशाळेतला पेशा

यवतमाळकडच्या खेड्यातली मुलगी बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सी करून, नेट परीक्षा काढून कॅन्सरवर पीएचडीला लागली की घरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मंग तू पेशंट कधी तपासशील बाप्पा?" ती पेशंट तपासणार नसते. तिच्या वाट्याला गाठीचा तुकडा येतो आणि त्यातल्या डीएनएत काय बिघडलं ते तिला शोधायचं असतं.

आपल्याकडे हा पेशा उभा राहिला तो मुंबईत. टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 मध्ये सुरू झालं. तिथले पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत खानोलकर यांनी 1945 मध्येच कॅन्सरचा संबंध लोकांच्या सवयींशी जोडला होता. धोतर कमरेला घट्ट आवळल्याने त्याच जागी होणारा कॅन्सर आणि तंबाखूची खैनी धरल्याने खालच्या ओठाला होणारा कॅन्सर, असे प्रकार त्यांनी मांडले. त्यांच्याच हाताखाली कमल रणदिवे यांनी 1949 मध्ये पीएचडी केली. बाई वैद्यकीय डॉक्टर नव्हत्या, जीवशास्त्राच्या होत्या. पुढे अमेरिकेत शरीराबाहेर पेशी वाढवण्याचं तंत्र शिकून त्या परतल्या आणि मुंबईत ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. डॉक्टर नसलेल्या माणसानं कॅन्सरवर आयुष्य घालवायचं, ही वाट इथून रुळली असं मला वाटतं. 1976 मध्ये बिशप आणि वार्मस या अमेरिकी शास्त्रज्ञांनी कॅन्सरच्या जनुकाचं मूळ निरोगी पेशीतच असल्याचं दाखवलं आणि सगळ्यांची नजर ऊतीवरून जनुकावर गेली.

विदर्भाचा संबंध खर्ऱ्यानं येतो. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटतात आणि ती पुडी गिऱ्हाईक तासन् तास गलफडात धरून बसतं. सुपारीतलं अॅरेकोलिन हे रसायन तोंडाच्या आतल्या पेशींना कोलॅजन, म्हणजे ऊतीला बांधून ठेवणारं तंतूसारखं प्रथिन, जास्त बनवायला लावतं. सुपारीतलं तांबं ते कोलॅजन आणखी घट्ट विणणाऱ्या एन्झाइमला चेव आणतं. आधी तिखट सोसेनासं होतं, मग गाल चिवट होतो आणि एक दिवस उभी तीन बोटं तोंडात मावत नाहीत. हा सबम्यूकस फायब्रोसिस. केरळातल्या अशा रुग्णांवर 17 वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा 7.6 टक्क्यांना पुढे कॅन्सर झाला. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातल्या अभ्यासानंही 1998 मध्ये सुपारी आणि पानमसाल्याकडेच बोट दाखवलं. गुटख्यावर राज्यात 2012 मध्ये बंदी आली. खर्रा मात्र ठेल्यावर घोटला जातोच.

पाश्चात्त्य देशांत तोंडाचा कॅन्सर जिभेला जास्त दिसतो, आपल्याकडे गाल आणि हिरडीच्या खाचेत, म्हणजे जिथे पुडी धरतात तिथे. त्यामुळे बाहेरची माहिती इथे जशीच्या तशी लावून भागत नाही. 2013 मध्ये भारतीय गटाने अशा 50 रुग्णांच्या गाठींमधल्या जनुकांचं वाचन प्रसिद्ध केलं. टीपी 53 सारखी कॅन्सरमध्ये नेहमी बिघडलेली दिसणारी ओळखीची जनुकं त्यात होतीच, पण यूएसपी 9 एक्स आणि एमएलएल 4 अशी नवीही निघाली. खारघरच्या 'अॅक्ट्रेक'चे, म्हणजे टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्राचे, संशोधक त्या कामात होते.

कोणाला, कुठल्या वयात, कुठला कॅन्सर होतो याची नोंद नसेल, तर तुकडे कोणाचे घ्यायचे हेही ठरत नाही. वर्धा जिल्ह्याची ही नोंदवही सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातून चालते.