विचार परिषदा, नेतृत्वाचे धडे आणि शंभर श्रोत्यांची अट

विचार परिषदेला, म्हणजे निरनिराळ्या विषयांवरची भाषणे ऐकायला जिथे लोक जमतात तिथे, जाऊन आलेले लोक दोन गोष्टी हमखास सांगतात: स्वतःत बदल झाला आणि नेतृत्व म्हणजे काय ते कळले. या गोष्टी परिषदांशी कशा जोडल्या गेल्या याचा मागोवा घ्यायला लागले, की व्यासपीठावरच्या भाषणांपेक्षा आयोजनाच्या नियमांपाशीच जास्त थांबावे लागते.

जुना काळ थोडक्यात. अमेरिकेत १८२६ पासून गावोगावी व्याख्यानमंडळे निघाली. १८७४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका तळ्याकाठी चर्चच्या रविवारच्या शाळांतील शिक्षकांसाठी दोन आठवड्यांचे उन्हाळी संमेलन भरले. १८७८ मध्ये त्याला चार वर्षांच्या वाचनक्रमाची जोड मिळाली. घरी बसून वाचायचे, टपालाने संपर्क ठेवायचा. पहिली तुकडी १८८२ मध्ये बाहेर पडली. संमेलन पंधरवड्याचे आणि अभ्यास चार वर्षांचा, हे प्रमाण आजच्या कोणत्याही आयोजकाने लक्षात ठेवावे असे आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच धर्तीचे फिरते तंबू निघाले. १९२०च्या दशकाअखेरीस रेडिओ, चित्रपट आणि मोटारींपुढे त्यांचा निभाव लागला नाही.

नेतृत्वाचा विषय ठळकपणे आला तो कोलोरॅडोतील एका डोंगरी गावात. तिथे १९४९ मध्ये एका जर्मन कवीच्या जन्मद्विशताब्दीनिमित्त मोठा महोत्सव झाला आणि १९५१ पासून कंपन्यांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी चर्चासत्रे सुरू झाली. लहान गट, एक टेबल, आधी वाचून आणलेले उतारे आणि चर्चा पुढे नेणारा एक जण. व्याख्यान नाही. नेतृत्वाचे शिक्षण म्हणून ही रचना अजूनही सरस वाटते, कारण तिथे गप्प बसून काही मिळत नाही.

विचार परिषद म्हटले की आज डोळ्यांसमोर येते ती ‘टेड’ (TED) परिषद १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातील मॉन्टेरीत भरली. तीत कॉम्पॅक्ट डिस्क दाखवली गेली, संगणकीय चित्रांची प्रात्यक्षिके झाली, आणि तोटा झाला. दुसरी परिषद व्हायला १९९० उजाडले. त्याच मॉन्टेरीत १९८५ मध्ये आणखी एक प्रयोग झाला, ज्याची आठवण फारशी काढली जात नाही. वर्षभर राबून भरवलेल्या आधीच्या परिषदेत लोकांना चहाची सुट्टीच सर्वांत उपयोगी वाटली, हे एका आयोजकाच्या ध्यानात आले होते. म्हणून या वेळी कार्यक्रमपत्रिकाच ठेवली नाही. जमलेल्यांनी गोलात बसून विषय भिंतीवर लावायचे आणि जिथे काही मिळत नाही तिथून उठून दुसरीकडे जायचे.

मुख्य प्रवाह मात्र व्यासपीठाच्या बाजूने गेला. २००१ मध्ये टेड परिषद एका ना-नफा प्रतिष्ठानाकडे आली. २००६ च्या जूनमध्ये पहिली सहा भाषणे इंटरनेटवर मोफत खुली झाली. भाषण घरबसल्या ऐकता येत असताना सभागृहात जायचे कशासाठी, हा प्रश्न तेव्हापासून खरा झाला. प्रवेश स्वस्त झाला नाही. २००६ मध्ये ४,४०० डॉलर होते, २००७ मध्ये वार्षिक सदस्यत्व ६,००० डॉलरचे झाले.

सर्वाधिक वाद आहे तो २००९ च्या निर्णयाबद्दल. त्या वर्षीपासून कोणत्याही गावातल्या व्यक्तीला टेडच्याच धर्तीचा स्वतंत्र कार्यक्रम भरवण्याचा परवाना मिळू लागला. परवान्याला शुल्क नाही, वक्त्यांना मानधन नाही, नफा नाही, भाषण १८ मिनिटांच्या आत. आणि एक अट: परवानाधारकाने मूळ संस्थेच्या अधिकृत परिषदेला हजेरी लावलेली नसेल, तर श्रोते जास्तीत जास्त शंभर.

या अटीने ऐकायला जाणे ही नेतृत्वाची पायरी ठरवली. समर्थक म्हणतात, चांगला कार्यक्रम आतून पाहिल्याशिवाय हजार लोकांचे सभागृह हाताळता येत नाही. आक्षेप असा, की ज्याला हजारो डॉलर आणि प्रवास परवडतो त्यालाच मोठे व्यासपीठ मिळते. आक्षेपात तथ्य आहे. परवाना व्यक्तीच्या नावे असल्याने त्यातून अडचणही उभी राहते: परिषद पाहून आलेला माणूस गाव सोडून गेला, की वाढलेला कार्यक्रम पुन्हा शंभरावर येतो. म्हणून जाणत्या गटाने दुसरा परवानाधारक पहिल्या वर्षापासूनच तयार करायला हवा.

तरीही नेतृत्व शिकायचे तर शंभरांचा कार्यक्रमच भरवावा. तिकिटांतून फार पैसा येत नाही, त्यामुळे कामे बाहेर देता येत नाहीत; वक्ता निवडण्यापासून खुर्च्या लावण्यापर्यंत सगळे गटालाच करावे लागते. वक्त्याला तयारीसाठी किमान तीन महिने द्यावेत. मिनिटाला १३० शब्द धरले तर १८ मिनिटांत २,३४० शब्द होतात, म्हणून नवखा वक्ता तेवढेच लिहून आणतो. प्रत्यक्षात हशा, टाळ्या आणि थांबे धरून ते भाषण २१ मिनिटांवर जाते. मजकूर १५ मिनिटांचा, म्हणजे १,९५० शब्दांचा मागावा. तीन तालमी घ्याव्यात: पहिली कागद हातात घेऊन, दुसरी घड्याळ लावून, तिसरी सभागृहात कागदाशिवाय. ‘तुमचा तिसरा मुद्दा काढून टाका’ हे नामवंत वक्त्याला सांगावे लागते, आणि ते सांगता येणे हाच आयोजकाचा सर्वांत कठीण अभ्यास असतो.

पाच भाषणांची ९० मिनिटे आणि प्रत्येक बदलाला तीन मिनिटे धरली तर सत्र पावणेदोन तासांचे होते. उशीर झाला की कात्री लागते मधल्या सुट्टीला. अर्ध्या तासाची दहा मिनिटांची होते आणि १९८५ मध्ये जे हाती लागले होते तेच निसटते. त्याऐवजी एक भाषण कमी ठेवावे.

परवाने वाढले तसा दर्जाचा प्रश्नही आला. डिसेंबर २०१२ मध्ये स्थानिक आयोजकांना पत्र गेले, की आरोग्य आणि विज्ञानाच्या नावाखाली निराधार दावे करणाऱ्यांना व्यासपीठ देऊ नका. वक्त्याचा दावा त्या विषयातल्या दोन स्वतंत्र जाणकारांकडून तालमीआधी तपासून घ्यावा; तालमीनंतर नकार देणे गटाला जमत नाही. अशा नकारांतून आयोजक जितका घडतो तितका तो कोणत्याही परिषदेच्या खुर्चीत घडत नाही.

२०२० मध्ये मुख्य परिषद मे ते जुलै अशी आठ आठवडे ऑनलाइन झाली. भाषणे पोहोचली, पण सुट्टीतली अनोळखी गाठ आपोआप पडेना. ती मुद्दाम घडवावी लागली. ऑनलाइन कार्यक्रम करणाऱ्यांनी प्रत्येक भाषणानंतर सहा-सहा जणांच्या खोल्या २० मिनिटे उघड्या ठेवाव्यात. पाच मिनिटांत सहा जणांची ओळखही पुरी होत नाही.