पोटात गॅस असला तरी बाळ उताणंच निजवा

गॅसने कळवळणारं बाळ पालथं निजवलं की शांत होतं, हे खोटं नाही. पोटावर दाब येतो, हातपाय झटकले जात नाहीत, दचकणं कमी होतं आणि तासभर रडून दमलेलं बाळ गाढ झोपी जातं. घरातल्या मोठ्यांनी हे डोळ्यांनी पाहिलेलं असतं. म्हणून ‘झोपव गं पालथं, गॅस सरेल’ हा सल्ला इतक्या खात्रीने दिला जातो. अडचण त्या गाढ झोपेतच आहे.

झोपेच्या प्रयोगशाळांमध्ये तान्ह्या बाळांचा श्वास, हृदयाचे ठोके आणि मेंदूच्या लहरी मोजल्या गेल्या, तेव्हा पालथी झोपलेली बाळं उताण्या बाळांपेक्षा जास्त वेळ आणि जास्त गाढ झोपतात, पण त्यांना जाग येणं अवघड जातं, असं दिसलं. आपल्याला ही सोय वाटते. बाळासाठी मात्र जाग येणं हे संरक्षण आहे. झोपेत प्राणवायू कमी पडू लागला की निरोगी बाळ चुळबुळतं, मोठा श्वास घेतं, मान वळवतं, रडून उठतं. पालथ्या बाळाचं नाक गादीजवळ असतं. तोंडाभोवती स्वतःचाच उच्छ्वास साचतो आणि तीच कार्बन डायऑक्साइडने भरलेली हवा पुन्हा आत जाते. चेहरा गादीत दबल्यामुळे अंगातली उष्णताही नीट बाहेर पडत नाही. नेमकी याच वेळी जाग यायला हवी, आणि याच स्थितीत ती उशिरा येते किंवा येतच नाही.

निरोगी दिसणारं बाळ झोपेत दगावतं आणि शवविच्छेदनातही कारण सापडत नाही, त्याला ‘सडन इन्फन्ट डेथ सिंड्रोम’ किंवा ‘सिड्स’ म्हणतात. बोस्टनच्या संशोधक हॅना किनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशा अनेक बाळांच्या मेंदूच्या खोडात सेरोटोनिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनाच्या यंत्रणेत दोष आढळले. श्वास आणि जाग यांचा ताबा याच भागाकडे असतो. असा दोष कोणत्या बाळात आहे, हे बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून हा नियम सगळ्याच बाळांना लावावा लागतो.

काळाचा योगही पाहा. बाळाचं रडणं साधारण सहाव्या आठवड्याला सर्वांत जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांनी ओसरतं. सिड्सचा धोका दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात सर्वाधिक असतो आणि सुमारे 90 टक्के मृत्यू सहा महिन्यांच्या आत होतात. म्हणजे बाळाला पालथं टाकायचा मोह होतो तो काळ आणि सर्वांत जपायचा काळ बराचसा एकच असतो.

पाश्चात्त्य देशांनी हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथले डॉक्टरच बाळ पालथं निजवायला सांगत. ओकारी श्वासनलिकेत जाऊ नये, ही त्यामागची समजूत होती. 1985 साली डॉक्टर डेव्हिड डेव्हिस यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की हाँगकाँगमध्ये अशा मृत्यूंचं प्रमाण फार कमी आहे, आणि तिथली बाळं प्रथेने उताणी झोपतात. पुढे ब्रिटनमधल्या ब्रिस्टलचे बालरोगतज्ज्ञ पीटर फ्लेमिंग आणि सहकाऱ्यांच्या 1990 सालच्या अभ्यासात पालथ्या बाळांचा धोका आठ पटींहून जास्त निघाला. न्यूझीलंडमधूनही तशीच माहिती येत होती. 1991 च्या जुलैमध्ये ब्रिटिश टीव्ही निवेदिका अ‍ॅन डायमंड यांचं बाळ असंच गेलं. त्यांनी हा प्रश्न लावून धरला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ब्रिटनमध्ये ‘बाळ पाठीवर निजवा’ ही सरकारी मोहीम सुरू झाली. अमेरिकेतली मोहीम 1994 ची. दोन्ही देशांत काही वर्षांतच हे मृत्यू निम्म्यावर आले. यामागे नवी लस नव्हती, नवं औषधही नव्हतं. बदलली होती ती मुख्यतः झोपवण्याची पद्धत.

आपल्याकडे बाळ उताणंच निजवायची रीत जुनी आहे आणि ती बरोबर आहे. गॅसच्या नावाखाली ती मोडू नये, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे.

‘उताणं झोपलं आणि दूध ओकलं तर? घशात अडकेल ना!’ ही भीती जवळजवळ प्रत्येक आईला असते, आणि ती समजण्यासारखी आहे. पण घशाची रचना बघा. श्वासनलिका पुढे, म्हणजे छातीच्या बाजूला असते आणि अन्ननलिका तिच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून. बाळ उताणं असेल तर श्वासनलिका वर राहते आणि अन्ननलिका खाली. पोटातून वर आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायचं तर चढण चढावी लागते. ते बहुधा खालीच साचतं आणि बाळ ते गिळतं किंवा खोकून बाहेर टाकतं. पालथं केलं की सगळं उलटं होतं. अन्ननलिका वर जाते आणि ओकलेलं दूध थेट श्वासनलिकेच्या तोंडाशी उतरतं. दूध ओकणाऱ्या बाळांनाही बालरोगतज्ज्ञ उताणंच निजवायला सांगतात, ते यामुळेच.

मग निदान कुशीवर? तेही नको. दोन-तीन महिन्यांचं बाळ कुशीवर स्थिर राहत नाही, कलंडून पालथं होतं आणि तिथून परत फिरायची ताकद त्याच्यात नसते. लोड-तक्क्यांचा टेकू दिला तर नाकाशी आणखी एक मऊ वस्तू येते. डोक्याखाली उशी घालून उतार करण्याची कल्पनाही धोक्याची आहे. बाळाची मान मऊ आणि डोकं जड असतं. उतारावर हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. अमेरिकेत झोपेत बाळं दगावल्यावर 10 अंशांपेक्षा जास्त उताराच्या बिछान्यांवर 2022 साली कायद्याने बंदी आली. साडीच्या झोळीत बाळाची पाठ वाकते आणि मान पुढे झुकते, म्हणून झोळी डोळ्यांसमोर झोका देण्यापुरतीच ठेवावी. मोहरीच्या उशीबद्दल आजी नाराज होतील, पण डोकं गोल ठेवायला तिची गरज नाही. एक दिवस डोकं गादीच्या या टोकाला, दुसऱ्या दिवशी त्या टोकाला ठेवलं आणि जागेपणी बाळाला पालथं खेळवलं, तर डोकं एकाच बाजूने चपटं होत नाही.

कमी दिवसांची, म्हणजे वेळेआधी जन्मलेली बाळं रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात पालथी ठेवलेली दिसतात, तेव्हा आईवडील गोंधळतात. तिथे बाळाला यंत्रं जोडलेली असतात आणि परिचारिका जागी असते. घरी रात्री तीन वाजता तशी नजर कुणाचीच नसते. शिवाय कमी दिवसांच्या बाळाला धोका जास्तच असतो.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. बाळाच्या पोटात हवा जाते ती बरीचशी रडताना आणि दूध पिताना. दुधातली साखर आतड्यातले जंतू आंबवतात, त्यातून आणखी थोडा वायू होतो. आतड्याची हालचाल अजून लयीत आलेली नसते. तरीही प्रत्येक रडणं गॅसचं नसतं. रडण्यामुळेच हवा गिळली जाते, त्यामुळे पुष्कळदा पोट फुगणं हा रडण्याचा परिणाम असतो.

यावरचे साधे उपाय सगळे जागेपणीचे आहेत. पाजून झाल्यावर खांद्यावर उभं धरून ढेकर काढा. स्तनाचा काळपट भाग पुरेसा तोंडात घेऊन बाळ ओढतं आहे ना, ते बघा, म्हणजे हवा कमी जाते. बाळ उताणं ठेवून सायकल चालवल्यासारखे पाय फिरवा, गुडघे हलकेच पोटाशी न्या. स्वतःच्या हाताच्या कोपरापासून पंज्यापर्यंतच्या भागावर बाळ पालथं धरून फेऱ्या मारल्या तर बऱ्याच बाळांना आराम पडतो. दिवसातून दोन-तीनदा, तीन ते पाच मिनिटं बाळाला पोटावर खेळवा. पोटावरचा दाब हवाच असेल तर तो असा द्यावा. बाळाचा डोळा लागला की लगेच उताणं ठेवा.

पोटात काही देण्याचा मोह मात्र आवरा. सहा महिने आईचंच दूध. घुटी नको, ग्राइप वॉटर नको. गॅससाठी दिले जाणारे सिमेथिकोनचे थेंब चाचण्यांत तुलनेसाठी दिलेल्या, औषध नसलेल्या थेंबांपेक्षा सरस ठरलेले नाहीत. घुटीत उगाळलेल्या जायफळाने गुंगी येते आणि गुंगीतल्या बाळाची जाग आणखी मंदावते. हिंग पोटात दिल्याने पाच आठवड्यांच्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे.

गादी घट्ट आणि सपाट असावी. गोधडी, उशी, मऊ खेळणी बाळाजवळ नकोत आणि झोपेत डोक्यावर कुंची नको. बाळाची जागा आईच्याच खोलीत, पण वेगळ्या पृष्ठभागावर असेल तर उत्तम. लहान घरात ते जमत नसेल तर निदान बाळाला घेऊन सोफ्यावर झोपू नका, आणि दारू किंवा गुंगीचं औषध घेतलेल्या माणसाशेजारी बाळ निजवू नका. खोलीत विडी-सिगारेट नको, धुरीचा धूरही नको. गरोदरपणात मशेरी लावणं सोडायला हवं. मुंबईतल्या 1217 गरोदर स्त्रियांच्या अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्या किंवा मशेरी लावणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचं वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी भरलं होतं, आणि कमी वजनाच्या बाळाला झोपेतला धोका अधिक असतो.

हिरवी उलटी, उलटीत किंवा शीमध्ये रक्त, दगडासारखं कडक पोट, पिचकारीसारखी वारंवार उलटी, अंगावर न पिणं, तीन महिन्यांच्या आत 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, यांतलं काहीही दिसलं तर ते गॅसवर ढकलू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

चार ते सहा महिन्यांच्या सुमाराला बाळ आपणहून पालथं पडू लागतं. त्याची चिन्हं दिसली की दुपट्यात घट्ट गुंडाळणं बंद करा. उताण्याचं पालथं आणि पालथ्याचं उताणं असं दोन्ही सहज जमू लागलं की निजवताना उताणं ठेवायचं, पण पुढे झोपेत ते स्वतः वळलं तर रात्रभर उठून त्याला परत फिरवत बसायची गरज नाही. तोवर पोटाच्या तक्रारीही बहुतेक घरांत मागे पडलेल्या असतात.