पॅट वीव्हर

पॅट वीव्हर (जन्म २१ डिसेंबर १९०८, लॉस एंजेलिस; निधन १५ मार्च २००२, सँटा बार्बरा) हे अमेरिकेतल्या एनबीसी नेटवर्कचे सुरुवातीच्या काळातले टीव्हीप्रमुख. अभिनेत्री सिगर्नी वीव्हर ही त्यांची मुलगी.

माणूस मूळचा जाहिरातीतला. यंग अँड रुबिकॅम एजन्सीत रेडिओचे शो केले, मग लकी स्ट्राइक सिगरेटवाल्या अमेरिकन टोबॅको कंपनीची जाहिरात सांभाळली आणि १९४९ ला एनबीसीत आले. तेव्हा शो स्पॉन्सरचा असायचा, म्हणजे लेखक कोण, नट कोण हे एजन्सीच ठरवणार, नेटवर्कने फक्त वेळ विकायची, शोची नावंसुद्धा कंपनीच्याच नावाने, टेक्सॅको स्टार थिएटर, क्राफ्ट टेलिव्हिजन थिएटर अशी. वीव्हरनी मासिकाची पद्धत आणली. मासिकात कंपनी पानभर जाहिरात देते, पण शेजारच्या पानावर कुठला लेख घ्यायचा ते संपादकच बघतो, तसंच शो नेटवर्कने बनवायचा आणि त्यातली मिनिटं वेगवेगळ्या कंपन्यांना विकायची. अख्खा शो परवडत नाही अशा छोट्या कंपन्यांनाही मग टीव्हीवर येता आलं. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच, आणि ते एका जाहिरातवाल्याने केलं हे विशेष.

१४ जानेवारी १९५२ ला सकाळी ७ वाजता वीव्हरच्याच कल्पनेतला बातम्या-गप्पांचा शो 'टुडे' सुरू झाला, डेव्ह गॅरोवे होस्ट. सकाळी सकाळी टीव्ही कोण बघणार असं तेव्हा बऱ्याच जणांना वाटायचं. न्यूयॉर्कमध्ये रस्त्यालगतच्या स्टुडिओला मोठी काच होती, येणारे-जाणारे तिथे थांबायचे, हातात पाट्या धरून घरच्यांना दिसायला बघायचे. पुढच्या वर्षी जे. फ्रेड मग्ज नावाचा चिंपांझी शोमध्ये आला, पोरं त्याला बघायला टीव्ही लावायला लागली आणि मग मोठी माणसंही बसायला लागली. २७ सप्टेंबर १९५४ पासून रात्रीचा गप्पांचा शो 'टुनाइट' स्टीव्ह ॲलनसोबत. हे दोन्ही शो आजही चालू आहेत.

रोजच्या मालिका बाजूला ठेवून मधूनच एखादा भव्य कार्यक्रम दाखवायचा हीपण त्यांचीच आयडिया, ७ मार्च १९५५ चा लाइव्ह 'पीटर पॅन' अंदाजे साडेसहा कोटी लोकांनी पाहिला.

१९५५ च्या शेवटी एनबीसीचं अध्यक्षपद वीव्हरकडून रॉबर्ट सारनॉफकडे गेलं (एनबीसीची मालक कंपनी आरसीए, तिच्या प्रमुखाचा मुलगा), वीव्हर चेअरमन झाले आणि १९५६ ला बाहेर पडले. नंतर कॅलिफोर्नियात केबलवरून पैसे भरून बघायचा टीव्ही आणला, पण थिएटरमालकांनी जोरदार विरोध केला आणि नोव्हेंबर १९६४ ला राज्यातल्या लोकांनी केलेल्या मतदानात त्यावर बंदीच आली. १९६६ ला कोर्टाने बंदी रद्द केली, तोवर धंदा बसलेला होता.